चौथा नंबर

१६ जानेवारी ७५, शिरूर
सायकलने न्हावऱ्यापलीकडच्या वाडीला. शाळेच्या खेळाच्या सामानाच्या खोलीत नर्सबाई बाळंतपणं करतात. खाटेवर भिंतीला लेझमी टांगलेल्या असायच्या. परवा एका बाईनं कळ आली तशी लेझीमच धरून ओढली. आता सगळ्या पोत्यात. बाई दौंडच्या, बोलायला तडक. "ओव्हरशेरसाहेब, दोन खोल्या न् पाणी. जास्ती काय मागत न्हाई. कवा?" यादीत घालतो म्हणालो. जागा पाहिली. हातभरावर मुरूम, पाया सोपा.

२१ जानेवारी
बांधकामांची यादी तयार केली. क्रम माझ्याच हातचा. न्यायानं बाळंतपणाच्या खोल्या पहिल्या. पण वरच्या तीन नंबरांवर सगळ्यांचा डोळा. सभेत त्यातलंच एखादं काम शेवटी ढकलून सभासद आपलं घुसवतात. मधल्याला कुणी हात लावत नाही, आणि दर साली पाच कामं तरी मंजूर होतातच. म्हणून वाडी चौथी. आमच्या इंजिनियर साहेबांना (सा.) सांगितलं तर हसले. "पक्के झालात." दिवसभर स्वतःवरच खूश.

२३ जानेवारी
पंचायत समितीची सभा. आप्पा सभापती, तंबाखू मळत: "पयल्या नंबराला आमची चावडी घ्या. बाकीचं तुमचं तुमी बघा." तिसरं काम उचलून तळाला गेलं. चौथ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. जमलं.

२ एप्रिल
जिल्ह्यावरून यादी परत आली. यंदा तीनच. तिसऱ्याखाली लाल रेघ, रेघेखाली पहिलं नाव वाडीचं. दोनदा वाचलं. सा. म्हणाले, पुढच्या साली बघू. मी कशाला शहाणपण केलं.

५ एप्रिल
वाडीला जाऊन बाईंना सांगितलं. "वरून कापलं" एवढंच. खोटं नाही. पण

६ एप्रिल, दौंड
घरी आलो. शालूला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, वर न बघता म्हणाली, "मग त्यांना खरं सांगा की."

१९ जून
शाळा सुरू. हेडमास्तरांनी खोली परत घेतली, त्यांचंही बरोबरच आहे. नर्सबाईंची खाट पंचायतीच्या पडवीत, गोणपाटाच्या आडोशाला. चुलीवर पाण्याचं भांडं. समोर पार, पारावर माणसं बसलेली.

१० जुलै
बौद्धवाड्यातली कमल काल पडवीत अडली. न्हावऱ्याला बैलगाडीतून नेताना वाटेतच मूल गेलं. मुलगी. कमल वाचली.
वाडीला गेलो. नर्सबाईंनी चहा टाकला. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. शेवटी मीच चौथ्या नंबराचं सांगून टाकलं. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "म्हंजी तुमी लपवून ठिवलं, आन् कुणालाच दिसलं न्हाई." आवाज चढवला नाही. येताना सायकल हातात धरूनच निम्मा रस्ता आलो. मला माझी चीड आली आहे, आणि तिचा कुणाला काही उपयोग नाही.

१६ जानेवारी ७६
नवी यादी. या वेळी लाज सोडून वाडी पहिली, वर ठळक अक्षरात. सा. नी मान हलवली. "गेल्या सालची तिन्ही अर्धवट आहेत. चावडीवर पत्रे नाहीत. आधी ती पुरी व्हायची, मग नवीन." म्हणजे पहिली असूनही माझी वाडी चौथीच. तरी नंबर बदलला नाही. सा. नीही तसाच राहू दिला.

३ फेब्रुवारी
बदलीचा हुकूम. उद्या चार्ज द्यायचा. सभा अजून व्हायची आहे. दौंडच्या एस.टी.च्या कंडक्टरकडून नर्सबाईंचा निरोप: कमलला पुन्हा दिवस गेलेत, श्रावणात बाळंत होईल. बाकी काही निरोप नाही.

४ फेब्रुवारी
चार्ज दिला. नवे ओव्हरसियर सरळ वाटले, वयानं माझ्याएवढेच. कपाटाच्या किल्ल्या, टेप, नकाशे. वाडीचा नकाशा वर ठेवला. मुरूम हातभरावर आहे हे दोनदा सांगितलं. त्यांनी यादी पुढ्यात ओढली, पेन्सिल घेतली. "सभेत वरच्या नंबरांची ओढाताण होते असं ऐकलंय. मग हे बाळंतपणाचं जरा खाली, चौथ्यावर घेऊ?"
चहा आला होता. मी गेल्या सालची लाल रेघेची यादी काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांची पेन्सिल तशीच धरलेली.