भावोजींच्या दिवाणाखालचा कोट

तीर्थस्वरूप मीनाताईस,

लखनौच्या अलीगंजहून श्रीरंगचा, डोक्यावर पंखा आणि खांद्यावर शाल अशा अवस्थेत केलेला नमस्कार. (पंखा कौमुदीला लागतो, शाल मला. मार्चमध्ये आमच्या एका खोलीत दोन ऋतू नांदतात.) तुझे गुडघे कसे आहेत? सांगलीत उन्हाळा लागला असेल. इकडे आम्ही तिघेही ठीक. तिसरे म्हणजे तुझे यजमान. तू विचारणार नाहीस म्हणून मीच लिहितो. होळीला तुम्ही दोघांनी यायचं ठरलं होतं, ऐनवेळी तू गुडघ्यांचं कारण काढलंस, जगदीशभावोजी रुसून एकटेच आले, आणि तेव्हापासून ना तुझा फोन, ना त्यांचा. त्यात मी पडणार नाही. हे पत्र फक्त कपड्यांबद्दल आहे.

आम्ही परवा पहाडात, कौसानीला निघतोय. नोकरीत असताना दरवर्षी ठरायचं आणि दरवर्षी काहीतरी आडवं यायचं. संस्थेत मी उभा जन्म झाडांची वर्गवारी करण्यात घालवला, पण डोंगरातल्या झाडांवर फुलणारा बुरांश पाहिला तो वाळलेला, कागदावर चिकटवलेला, तपकिरी. तो लालभडक फुललेला एकदा डोळ्यांनी बघायचाय, एवढीच इच्छा उरली आहे. आता तिथली हवा मोबाइलवर बघावी तर सकाळी ऊन, दुपारी गारा, संध्याकाळी पुन्हा ऊन. म्हणून मी बॅग उघडून बसतो. हाफ शर्ट हातात घेतला की मी काठगोदामला उतरून चहा पीत असतो. बिनबाह्यांचा स्वेटर घेतला की बस वळणं घेत वर चाललेली असते, खिडकीतून चिडाच्या झाडांचा वास येत असतो आणि शेजारी कौमुदीला डुलकी लागलेली असते. कानटोपी घेतली की गारा नुकत्याच थांबलेल्या असतात, पायवाटेवर लाल पाकळ्यांचा सडा असतो, मी वाकून एक उचलतो तर ती ओली लागते, आणि फूल ओलं असतं याचंच मला कितीतरी वेळ नवल वाटत राहतं. कौमुदी हाक मारते तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलेलं असतं आणि बॅगेत फक्त एक हातरुमाल असतो.

खरी अडचण माझ्या जाड कोटाची आहे. इथे होळी झाली की सगळ्या गच्च्यांवर लोकरीचे कपडे वाळत पडतात. शेजारच्या गीताभाभी म्हणाल्या, "होली हो गई, अब काहे की ठंड?" आणि मूळची नागपूरची असूनही आमच्या कौमुदीनं (पहाडाची तिकिटं फ्रिजवर चिकटवलेली असताना) माझी शाल, बिनबाह्यांचा स्वेटर आणि कानटोपी तेवढी वगळून घरातली झाडून सगळी लोकर ऊन दाखवून, कडुनिंबाचा पाला घालून, दिवाणाच्या पेटीत भरली. त्याच संध्याकाळी भावोजींची पाठ धरली म्हणून त्यांचं अंथरूण त्या दिवाणावर घातलं. तेव्हापासून ते तिथे आडवे आहेत, छातीवर फोन ठेवून. आता रुसलेल्या माणसाला उठवून त्याच्याखालून कोट काढायचा म्हणजे 'आता निघा' असं सुचवण्यासारखंच. (शिवाय इतकी वर्षं लखनौत काढल्यावर पाहुण्याला 'जरा उठा' म्हणायला जीभ वळत नाही.) म्हणून त्यांना सहलीचं सांगितलेलंच नाही. आमची बॅग आणि फ्रिजवरची तिकिटं आता स्वयंपाकघरात, गव्हाच्या डब्यामागे आहेत.

आज ते आंघोळीला गेल्यावर मी गादी सारली, फळी उचलली आणि कमरेपर्यंत आत वाकलो. कोट अगदी तळाशी होता. तो हाताला लागला, कडुनिंबाचा वास आला आणि मी थेट कौसानीत पोचलो. समोरचा अख्खा डोंगर लाल होता आणि मी कोटाची बटणं लावत होतो. परत आलो तेव्हा भावोजी मागे टॉवेल गुंडाळून उभे होते. ते हळूच म्हणाले, "माझी बॅग शोधतोयस का? ती कपाटावर आहे. आजची गाडी मिळते का बघ." ताई, मला फार वाईट वाटलं. कौमुदी पोळी तव्यावर तशीच टाकून आली, तिनं त्यांना सगळं सांगून टाकलं आणि म्हणाली, तुम्हीही चला. माझ्याकडे गरम कपडे नाहीत, एवढं बोलून ते आत गेले.

बाकी इकडे क्षेम आहे. कौमुदीचा नमस्कार.

तुझा धाकटा,
श्रीरंग

ता. क. हे पत्र फक्त कपड्यांबद्दल आहे, हे तितकंसं खरं नाही. पत्राचा फोटो मोबाइलवर पाठवतोय, वाचलंस की लगेच त्यांना एक फोन कर. रागाबिगाचं काही काढू नकोस. पाण्याची मोटर कुठल्या बटणावर चालते ते विचार, हवं तर. ते आनंदानं घरी येतील आणि आम्ही मोकळ्या मनानं पहाडात जाऊ.

ता. क. २ थांब, फोन राहू दे. भावोजी निघायची तयारी करायला लागले म्हणून मी कपाटावरची त्यांची बॅग काढून दिली. तिच्या तळातून एक बायकी स्वेटर निघाला, करड्या रंगाचा, कोपरावर रफू केलेला. तुझाच. मी विचारलं, हा कसा आला? म्हणाले, "उत्तरेत होळीलाही सकाळी गारठा असतो. तिला सोसत नाही." रुसून एकट्यानं घर सोडताना, ताई, त्यांनी हा भरला होता. कौमुदीनं आमची तिकिटं पुढे ढकलली आहेत. बुरांश एप्रिलपर्यंत असतो. तू ये.