चौथा रकाना

३ फेब्रुवारी, सोमवार

पहिला दिवस. आणि पहिल्याच दिवशी फोरमन कोणाला तरी म्हणाला, ‘बापाच्या वशिल्यानं आलीये.’ तोंडावर नाही, पाठ फिरल्यावर. पण माझे कान शाबूत आहेत!

बाबांनी याच कारखान्यात तीस वर्षं पत्रा कापायची प्रेस चालवली, हे खरं. चार वर्षांपूर्वी ते रिटायर झाले, हेही खरं. पण परीक्षा मी दिली. एकशे दहा जणांत दुसरी आले. म्हणे वशिला!

पद एवढं लांबलचक – गुणवत्ता आणि सुरक्षा निरीक्षक – की बिल्ल्यावर मावेना. मग नुसतंच ‘निरीक्षक’ छापलंय. सहा महिने बघणार, पटलं तर कायम करणार.

सकाळी निघताना बाबांनी त्यांची जुनी स्टीलची पट्टी दिली. सुरुवातीचे आकडे पार झिजलेत. आई म्हणाली, ‘यांच्यासारखं काम कर. तीस वर्षं प्रेसवर, आणि दहाच्या दहा बोटं जागेवर!’ हे ती सगळ्यांना सांगते, गॅसवाल्यालासुद्धा. बाबांनी नेहमीप्रमाणे हात खिशात घातले आणि मला म्हणाले, ‘बूट नीट बांध.’

४ फेब्रुवारी, मंगळवार

सेफ्टी शूज दोन नंबर मोठे. बायकांच्या मापाचे ठेवतच नाहीत म्हणे! तीन मोजे घालून दिवसभर हिंडले. हिंडले म्हणजे हिंडले.

५ फेब्रुवारी, बुधवार

दिवसभर झाकणं मोजली. आम्ही डब्यांची झाकणं बनवतो. कड धारदार राहिली की नग बाद. दोनशे बाद केले. फोरमनचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं. मला फार बरं वाटलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज जे पाहिलं ते नीट लिहून ठेवते. पुढे कोणी म्हणायला नको की मी वाढवून सांगितलं.

चार नंबरच्या प्रेसवर ‘गवई’ असतो. दिवसभर काहीतरी गुणगुणतो म्हणून सगळे गवई म्हणतात. त्याचे नग इतरांपेक्षा जास्त निघतात. हे कसं जमतं ते बघायला मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. प्रेसला दोन बटणं आहेत, दोन टोकांना. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येते. म्हणजे तेव्हा माणसाचे दोन्ही हात बटणांवर असणारच, साच्यात नाही. इतकी साधी युक्ती, आणि किती चांगली!

गवईचा डावा हात साच्यात होता. झाकण काढत होता. आणि प्रेस खाली येत होती! हात निघाला, प्रेस पडली. हात गेला, निघाला, प्रेस पडली. आणि हा गुणगुणतोय!

डाव्या बटणात पाचर होती, म्हणजे ते सतत दाबलेलंच. लाकडाची, बोटाएवढी, हातोहात फिरून काळी गुळगुळीत झालेली. काढायला सोपं जावं म्हणून कडेला छोटीशी खाच. कामच एवढं नेटकं की राग आला. पाचही प्रेस बघितल्या. पाच प्रेस, पाच पाचरी, सगळ्यांना तशीच खाच.

पाचही काढून खिशात घातल्या आणि पाचही प्रेसना लाल पट्टी बांधली. लाल पट्टी म्हणजे यंत्र बंद, निरीक्षकाशिवाय कोणी हात लावायचा नाही. फोरमन धावत आला. म्हणाला, ‘हे काय आजचं आहे का? अकरा वर्षं चाललंय!’

‘मग अकरा वर्षं उशीर झाला,’ मी म्हणाले.

आणि दोन्ही हात खिशात घालून पाचरी घट्ट धरल्या.

८ फेब्रुवारी, शनिवार

पट्टी बांधून भागत नाही. त्रुटी अहवाल भरायचा असतो. रकाने पाच. काय सापडलं, कुठे, कधीपासून, वस्तू कोणी बनवली किंवा पुरवली, आणि सही. एकही रकाना रिकामा राहिला तर मुख्य कचेरी अहवाल परत पाठवते. आजपासून सात कामाच्या दिवसांत पूर्ण अहवाल गेला नाही, तर पट्टी आपोआप सुटते. म्हणजे पुढच्या शनिवारपर्यंत चौथा रकाना भरला नाही, तर सोमवारी पुन्हा प्रेस सुरू, पुन्हा नव्या पाचरी, आणि गवईचा हात पुन्हा साच्यात. माझ्या नोकरीचं काय होईल ते वेगळंच.

तीन रकाने भरले. चौथ्यासाठी पाचही प्रेसवाल्यांना विचारलं. पाचही जण छताकडे बघायला लागले. छतावर काय लिहिलंय कोण जाणे!

१० फेब्रुवारी, सोमवार

कॅन्टीनमध्ये मी बसले ते टेबल रिकामं झालं. बसा की तिकडे! मला ऐसपैस जागा मिळाली. (जेवण गेलं नाही. पण डबा रिकामा करूनच उठले.)

गवईला एकटं गाठलं. म्हटलं, अरे बाबा, तुझाच हात वाचवतेय, नाव सांग. तो म्हणाला, ‘ताई, दुसरं काहीही विचारा.’ आणि असं बघितलं, की जणू कीव मला त्याची नाही, त्यालाच माझी येतेय. आगाऊ!

११ फेब्रुवारी, मंगळवार

फोरमन अचानक गोड बोलायला लागला. चहा मागवला. म्हणाला, चौथ्या रकान्यात गवईचं नाव टाक आणि मोकळी हो. पाचर त्याच्याच बटणात सापडली ना? तो जाईल, तू कायम होशील, प्रेस सुरू होतील.

मी विचारलं, पाचर त्यानं केली का? म्हणाला, ‘कोणी केली ते शोधत बसू नकोस. तुझ्याच भल्याचं सांगतोय.’

माझ्या भल्याचं! चहा तसाच ठेवून उठले. खोटं नाव माझ्या हातून जाणार नाही. मेले तरी जाणार नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

घरी काही बोलले नव्हते. आज सगळं सांगितलं. बाबा मटार सोलत होते. त्यांनी एकच विचारलं – पाचही काढल्यास का? हो म्हटलं. तसे ते पुन्हा सोलायला लागले.

मला वाटलं होतं, शाबासकी देतील. तीस वर्षं त्या प्रेसवर घालवलेला माणूस! नुसतं ‘बरं केलंस’ म्हणाले असते तरी चाललं असतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

भांडण झालं. माझंच तोंड सुटलं, कबूल आहे.

मी बाबांना सरळ विचारलं, तुम्ही तिथेच होतात, तुम्हाला माहीत असणार, पाचरी कोणाच्या? ते म्हणाले, ‘त्या वेळी नग दीडपट मागितले होते. माणसं रडकुंडीला आली होती.’ मी म्हटलं, मी कारण नाही विचारलं, नाव विचारलं. त्यांनी मटारची पुढची शेंग सोलायला घेतली. म्हणजे हेसुद्धा त्यांच्याच बाजूचे! घरात फितूर!

मग मी बोलले. जसं बोलले तसंच लिहिते. ‘ज्यानं त्या पाचरी केल्या, त्याच्या स्वतःच्या हाताला काही झालं नसेल, बघा! असली माणसं दुसऱ्याला खड्ड्यात घालून घरी सुखानं जेवतात.’

बाबा उठले. शेंगा अर्ध्या सोललेल्या तशाच राहिल्या. आईनं मला डोळ्यांनी दटावलं. का दटावलं? मी काय चुकीचं बोलले?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या शेवटचा दिवस.

आज स्टोअरकाकांकडे गेले. ते स्टोअर सांभाळतात. लाल पट्ट्या त्यांनीच मोजून दिल्या होत्या. त्यांच्या डाव्या हाताला दोन बोटं नाहीत. पूर्वी चार नंबरची प्रेस त्यांची होती, आज गवई बसतो तीच. मी लहान असताना दर रविवारी आमच्याकडे यायचे. बाबा आणि ते पत्ते कुटायचे, मला शेंगदाणे मिळायचे. मी बारा वर्षांची असताना यायचे थांबले. आईला विचारलं तर म्हणायची, माणसं दूर जातात गं. आणि बोटांचं विचारलं की काका स्वतः म्हणायचे, हात चुकला.

आज पाचर त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, हात चुकला नव्हता, काका. याच्यामुळे गेली ना बोटं?

त्यांनी ती उचलली. तीन बोटांनी फिरवून बघितली. खाचेत अंगठा बरोबर बसला.

‘नग दीडपट हवे होते, आणि हात दोनच,’ ते म्हणाले. ‘एकानं आम्हाला तिसरा हात करून दिला. चांगल्या मनानं दिला, पोरी. मीच पहिल्यांदा मागितला होता.’

नाव विचारलं. मान हलवली. ‘सांगितलं तर तुला लिहावं लागेल. आणि तू लिहिशील, हे मला ठाऊक आहे.’

लिहीनच! अकरा वर्षं ज्याला त्याला त्या एकाच माणसाची काळजी! गवईच्या हाताची कोणालाच नाही? मी हे ओरडून म्हणाले. दोन कारकुनांनी खिडकीतून डोकावलं. डोकावू देत.

निघताना काकांनी विचारलं, बाबा बरे आहेत ना? दरवेळी विचारतात. म्हटलं, बरे आहेत, घरी येऊन बघा की. हसले फक्त.

ठरवलंय. गवईचं नाव टाकणार नाही. ‘माहीत नाही’ असंही लिहिणार नाही. उद्या चौथा रकाना रिकामा ठेवून अहवाल घेऊन स्वतः मुख्य कचेरीत जाईन आणि तिथे बसून राहीन. हाकलू देत. नोकरी गेली तर गेली, पण पाचरी माझ्याकडे आहेत, त्या त्यांच्या टेबलावर ओतीन.

फाइल बाहेरच्या खोलीत टेबलावर ठेवलीये. बाबांनी विचारलं, यातच आहे का तो अहवाल? मी नुसती मान हलवली. कालपासून मी त्यांच्याशी बोलत नाहीये.

१५ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी

चौथा रकाना भरलेला आहे. शाईनं. बाबांचं अक्षर.

‘पाचही पाचरी मी केल्या. घरी, खिडकीशी बसून. त्यातल्या एकीनं माझ्या मित्राची दोन बोटं नेली. त्यानंतरही मी त्या परत मागितल्या नाहीत.’ खाली पूर्ण नाव. कामगार नंबरसुद्धा.

स्वयंपाकघराची खिडकी आपटू नये म्हणून तिला एक लाकडी पाचर लावलेली आहे. कित्येक वर्षं रोज सकाळी मी ती काढते. आज काढून बघितली. कडेला खाच आहे.

गेल्या आठवड्यात दोनशे झाकणं बाद केली मी, आणि ही खाच रोज हातात असून दिसली नाही!

पाचव्या रकान्यात माझी सही करायची आहे. पेन हातात धरून किती वेळ बसले होते कोण जाणे. मग केली.

बाहेर आले तर बाबा चपला घालून दारात उभे. म्हणाले, ‘मीही येतो. आधी स्टोअरमध्ये जाऊ.’