वरचा कॅम, खालचा कॅम

प्रिय बारक्या,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकला असशील, म्हणून आधीच सांगतो, घरी सगळे ठीक आहेत. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो, पण माझ्यापेक्षा कमीच. तुझ्याशी फोनवरच बोलावं म्हणून या आठवड्यात चार वेळा नंबर लावला आणि चारही वेळा गाडी त्या गुडघ्यावरच येऊन थांबली. शेवटी कागद घेतला.

वर्कशॉप बंद केल्यापासून मी आठवड्यातले तीन दिवस मोटार मेकॅनिकच्या शाळेत शिकवायला जातो, हे तुला माहीत आहेच. तिथे एका टेबलावर दोन इंजिनं उभी कापून ठेवली आहेत, आतलं सगळं दिसावं म्हणून. एक पुशरॉडचं, एक ओव्हरहेड कॅमचं. पहिल्याच दिवशी मला त्या दोघांतला फरक समजावून द्यायला सांगितलं. मी म्हटलं, व्हॉल्व्ह दोन्हीकडे वरच असतात, हेडमध्ये. पण जुन्या इंजिनात त्यांना उघडणारा कॅमशाफ्ट खाली बसतो, पिस्टन ज्याला फिरवतात त्या क्रँकच्या शेजारी. म्हणजे तळमजल्यावरच्या माणसाने लांब काठीने ढोसून वरच्या मजल्याचं दार उघडायचं. ती काठी म्हणजे पुशरॉड. नव्या इंजिनात तो माणूस जिना चढून दाराशीच जाऊन बसला. काठी गेली, वजन गेलं, म्हणून इंजिन जास्त वेगाने फिरतं. पण आता त्या वरच्या माणसाला फिरवायला खालून लांबलचक बेल्ट लागतो आणि तो बेल्ट घसरला, तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. वर्ग खूश झाला. मुख्याध्यापक म्हणाले, किती सोपं करून सांगता तुम्ही. मी मान डोलावली. हे सगळं माझ्या धाकट्या भावाचं आहे, शब्द न् शब्द त्याचा, हे सांगायला जीभ रेटली नाही.

तू नव्या इंजिनांचा कोर्स करून आलास तेव्हा जेवायच्या टेबलावर चमचे आणि काट्यांनी हेच मला समजावत होतास. मी नाक वर करून म्हणायचो, माझं इंजिन बुटकं आहे, आटोपशीर आहे, कमी वेगातही चढ ओढतं, त्याची साखळी वीतभर आहे, तुझ्यासारखा हातभर रबराचा पट्टा नाही. तू म्हणायचास, दादा, ते सगळं खरं, पण तुझं इंजिन धावायला लागलं की धापा टाकतं. बाबा दोघांचं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, जे चालतं ते चांगलं, आता ताटं उचला. किती हसायचो आपण. पण एक गोष्ट तेव्हा तुला दिसली नाही आणि मी दिसू दिली नाही. गाड्या बदलत होत्या. दारात येणारं गिऱ्हाईक माझ्याकडे पाहून विचारायचं, धाकटे आहेत का? मी हसून तुला हाक मारायचो आणि पोटात दुखायचं. वीस वर्षं त्या दारात उभा होतो मी, आणि माझ्याच दारात मी निरोप्या झालो होतो.

आता नर्सबाईंच्या गाडीचं. त्या पांढऱ्या गाडीचा बेल्ट तू बदललास. खुणा जुळवल्यास, बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर बसवलास, क्रँक हाताने दोन फेरे फिरवून पुन्हा खुणा तपासल्यास. मी शेजारच्या गाडीखालून सगळं पाहत होतो. मग तू जेवायला गेलास. कव्हर उघडं होतं. मी सहज बेल्ट बोटाने दाबून पाहिला आणि मला तो फार ताणलेला वाटला. खरं सांगू? वाटावा अशी इच्छा होती. तुझ्या कामात एक तरी चूक मला सापडायला हवी होती. मी पाना लावून टेन्शनरचा बोल्ट सैल केला, बेल्ट थोडा ढिला सोडला आणि बोल्ट बोटांनी फिरवून जागेवर आणला. पाना मारणार, तेवढ्यात बाहेर डिझेलच्या टँकरवाल्याने हाक मारली. मी गेलो. परत आलो तेव्हा तू कव्हर लावून गाडी धूत होतास.

मी विसरलो होतो, असं मी स्वतःला कैक वर्षं सांगत आलो. तसं नव्हतं. तुला गाडी धुताना पाहिलं तेव्हा मला बोल्ट आठवला. पण सांगायचं म्हणजे तुझ्या कामात हात घातल्याचं कबूल करायचं होतं. मी मनाशी म्हटलं, बोटांनी चांगला आवळलाय, राहील.

पाचव्या दिवशी नर्सबाई पुढच्या गाडीला मागे टाकत असताना इंजिन जागीच बंद पडलं आणि मागून ट्रक आला. त्यांच्या खांद्याचं हाड मोडलं. गाडी ओढून आपल्याकडे आणली, तू कव्हर काढलंस, मग हेड खोललंस. बेल्ट घसरलेला, व्हॉल्व्ह वाकलेले, पिस्टनवर चंद्रकोरीसारखे घाव. तू टेन्शनरच्या बोल्टला बोट लावलंस आणि तो नुसत्या बोटाने फिरला. तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. तो चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. तू विचारलंस, "दादा, मी हा आवळला नाही?"

आणि मी म्हणालो, "विसरला असशील."

एवढंच. तू माझ्यावर संशयसुद्धा घेतला नाहीस. तू हात पुसलेस, दवाखान्यात जाऊन त्यांच्या पलंगापाशी उभा राहिलास आणि चूक माझी म्हणून सांगून आलास. मी मूग गिळून बसलो. बाबांनी तुला समजावलं, माणसाकडून होतं असं, तेव्हाही मी तिथेच होतो, चहा पीत. महिन्याभरात तू खोक्यांच्या कारखान्यात याद्या लिहायला लागलास. तीन वर्षांपूर्वी मी तुझ्याकडे आलो होतो, तेव्हा स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. दोन मिनिटांचं काम. तू प्लंबर बोलावलास, आणि तो वॉशर बदलून गेल्यावर म्हणालास, पुन्हा एकदा बघून जा हो, नीट आवळलाय ना. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसलो होतो, तुला हुंदका ऐकू जाऊ नये म्हणून.

आता हे आजच का, ते सांगतो. गेल्या गुरुवारी तुझी लेक माझ्याकडे आली होती, तुला न सांगता. हातात आमच्या शाळेचा फॉर्म होता, सगळा भरलेला, फक्त तुझ्या सहीची जागा मोकळी. म्हणाली, "बाबा म्हणतात, आपल्या घरच्या हातांवर भरवसा नाही, एका बाईचं हाड मोडलंय. काका, तुम्ही त्यांना दोन शब्द सांगा ना." मी फॉर्म ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी नर्सबाईंचं घर शोधून काढलं. आता निवृत्त आहेत, तो हात अजून खांद्याच्या वर जात नाही. त्यांना सगळं सांगितलं. रागावल्या नाहीत, दारही लावलं नाही. फक्त विचारलं, "त्याला माहीत आहे?" मी नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मग इथे कशाला आलात?" फॉर्म सोबत ठेवला आहे. मला माफ कर, असं मी लिहिणार नाही, ते मागायची माझी लायकी नाही. हे पत्र तू लेकीला वाचायला दे, वहिनीला दे, कुणालाही दे. सही करायची की नाही, तो बाप म्हणून तुझा हक्क. पण नाही म्हणणार असशील तर दुसरं काहीही कारण सांग. तुझ्या हातांचं सांगू नकोस. बोल्ट तू आवळला होतास. मी पाहिलं होतं.

तुझाच,
दादा म्हणवून घ्यायला लाजणारा,
थोरला