उकाईंची बारा लेकरं आणि कान्जिरो

मी, शिगेनो उकाई, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार बिवा सरोवराकाठी, सोया सॉसच्या कारखान्याची मालकीण, डोकं ताळ्यावर असताना आणि सकाळपासून उगाचच हसू फुटत असताना हे लिहून ठेवते. माझ्यावर कुणाचं दडपण नाही. दडपण आणायला भाचा तेरुहिसा ओसाकाहून आला होता, त्याला मुळ्याचं लोणचं देऊन परत पाठवलं.

कलम १. तेरुहिसाचं म्हणणं, "आत्या, लाकडी पिंपं मोडीत काढ, स्टीलच्या टाक्या बसव. सॉस मुरायचं दोन वर्षांचं काम तीन महिन्यांत होईल, मग चांगल्या भावात विकून टाकू." आमचा सगळ्यात जुना कामगार कान्जिरो शेजारी पिंप ढवळत होता. तो म्हणाला, "तीन महिन्यांत तर मूलही होत नाही, साहेब."

मला मूलबाळ नाही. माझ्यामागे भाचाच वारस ठरणार आणि सगळं विकणार, या काळजीने माझी झोप उडाली होती. आमच्याकडे धंद्याला वारस नसला की मोठ्या माणसालाही दत्तक घेतात; माझे सासरे तसेच या घरात आले. एक घेता येतो, तर बारा का नाहीत? कान्जिरो सोडून बाकी बाराही कामगार मी रीतसर दत्तक घेतले. आता दवाखान्यात "उकाई" अशी हाक आली की अर्धं बाकडं उठतं. रुमिको, वय एक्कावन्न, भर बाजारात मला "आई, आई" करते आणि मला गुदगुल्या होतात.

कलम २. कारखाना या सगळ्यांचा, सामाईक. विकायचा नाही, गहाण टाकायचा नाही. आमच्याकडचे जुने व्यापारी सांगत: विकणाऱ्याचं भलं, घेणाऱ्याचं भलं, गावाचं भलं. माझ्या नवऱ्याने पहिलं तेवढंच पाठ केलं होतं. सोयाबीन पिकवणाऱ्यांना तो भाव पाडून रडवायचा. यापुढे भाव पेरणीआधी, त्यांच्यासमोर बसून ठरवावा. नफा झाला की आधी शाळेच्या जेवणाला सॉस, मग एक नवं पिंप. पिंप शंभर वर्षं चालतं, म्हणजे त्यातलं खाणारे अजून जन्मायचे आहेत. ओळख नाही म्हणून त्यांना पातळ सॉस पाजू नये.

कलम ३. राहतं घर पिंपं बांधायला शिकणाऱ्यांसाठी. न्हाणीघराचं दार अडकतं, खांद्याने ढकलावं.

कलम ४. तेरुहिसाला माझ्या नवऱ्याचं गोल्फचं सामान. मामा-भाचे दोघांचाही चेंडू कायम तळ्यात.

कलम ५. राहिला कान्जिरो मिनोवा. आपल्याहून मोठ्या माणसाला दत्तक घेता येत नाही, आणि हा माझ्याहून अकरा महिन्यांनी मोठा. दत्तक नोंदवायच्या कचेरीतल्या मुलीने हे सांगितलं तेव्हा तो गुपचूप बाहेर जाऊन उभा राहिला. मी म्हटलं, "तुझा वाटा वेगळा लिहून देते."

"नको, मालकीणबाई. बाकीचे घरचे, आणि मी तेवढा बक्षीस घेणारा?"

मला ते फार लागलं. त्यानंतर तो माझ्याकडे चहालाही फिरकला नाही. कारखाना वाचला, पण जिवाला चैन पडेना. परवा आंघोळ करताना उपाय सुचला आणि मी एकटीच खो खो हसले. मोठा माणूस मुलगा होऊ शकत नाही, नवरा होऊ शकतो.

कान्जिरो, माझ्याशी लग्न कर. ही दया नाही. तुझ्या बायकोला जाऊन किती वर्षं झाली, माझ्या नवऱ्यालाही. तू दिसला नाहीस की माझा दिवस अळणी जातो. हो म्हणालास तर लेकरांबरोबर तूही समान वाटेकरी.

वाटेकऱ्याला साक्षीदार होता येत नाही, म्हणून बाराही लेकरं बाद. कान्जिरोला मी साक्षीसाठी बोलावलं आहे. आत काय लिहिलंय ते त्याला ठाऊक नाही. त्याने सही केली तर तो परका राहिला. मी रडेन, पण विषय पुन्हा काढणार नाही.

ठिकाण: हिकोने, नोटरी कचेरी
दिनांक: ८ नोव्हेंबर, रेइवा सहावे वर्ष (इ.स. २०२४)

सही व शिक्का: शिगेनो उकाई

साक्षीदार १: मित्सुए होरीबे, मासळीवाली
साक्षीदार २: इवाओ तात्सुमी, समोरचे न्हावी, ऐनवेळी बोलावलेले

नोटरी हाशिझुमे यांची नोंद: कलम पाच वाचून होताच श्री. मिनोवा यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. कारण विचारता म्हणाले, "माझी सही चालायची नाही, साहेब. मी घरचा आहे."