सिंदीचे नोझलचे दुकान माझ्या मागे कोणाचे, याबाबत

मी, महादेवराव गणपतराव बेलखोडे, वय सदुसष्ट, धंदा डिझेल गाड्यांचे पंप व नोझल दुरुस्ती, राहणार सिंदी (रेल्वे), तालुका सेलू, जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. खाली लिहिलेली सर्व मिळकत माझ्या स्वकष्टाची असून तीत वडिलोपार्जित काहीही नाही. माझे धाकटे बंधू भैयाजी यांना हे ठाऊक आहे, तरी पुन्हा लिहितो.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक पत्नी सुलोचनाबाई हिला. ती हयात असेतो तिचा पलंग समोरच्या खोलीतून कोणी हलवू नये.

२. माझी लूना भैयाजींचा मुलगा स्वप्निल याला. भैयाजींना माझा पान्यांचा मोठा संच. तो बऱ्याच वर्षांपासून त्यांच्याकडेच आहे, तेव्हा आता परत आणून देण्याची तसदी घेऊ नये.

३. स्टेशनकडच्या रस्त्यावरील दुकान, जागेसह, तसेच नोझल टेस्टर, पंपाचा टेस्ट बेंच व सर्व हत्यारे सून मयुरी हिला, एकटीला, पूर्ण मालकीने. या कलमावर भांडण होणार हे मला दिसते, म्हणून कारण लिहितो.

आमचा एकुलता एक मुलगा पियुष १९९७ साली काविळीने गेला. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. मयुरीला आईवडील नाहीत, त्यामुळे माहेरी जाण्याचा प्रश्नच नव्हता. तिला घर खायला उठायचे, म्हणून ती माझा डबा घेऊन दुकानात यायची आणि तिथेच बसून राहायची. मग ट्रे धुऊ लागली, मग नोझल खोलू लागली. भैयाजी तेव्हा माझ्याबरोबर दुकानात काम करीत. त्यांना हे आवडले नाही.

आमच्या दुकानाला लागून कापसातली सरकी काढण्याचे जिनिंग आहे. हंगामात रुईचे तंतू हवेत उडतात, म्हणून आम्ही दाराला ओले बारदान टांगतो. नोझलमधली सुई इतकी नेमकी बसलेली असते की एक तंतू अडकला तरी डिझेल धुक्यासारखे फवारायचे सोडून धार धरते आणि गाडी काळा धूर ओकते. म्हणून दुकानात कापूस आणायचा नाही, हा माझा नियम. (मी मेल्यावर नाकात कापूस घालायचाच असेल तर घरी घालावा. मला दुकानावरून न्यावे, आत नेऊ नये.)

१९९९ साली मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सेवाग्रामच्या दवाखान्यात होतो, तेव्हा जिनिंगवाले अण्णाजी यांची जुनी डिझेल अँबेसेडर धूर ओकत दुकानात आली. भैयाजींनी चारही नोझल खोलून साफ केले आणि शेजारून मूठभर रुई आणून सुया पुसल्या. कापसाच्या गावात हात आपोआप कापसाकडे जातो, हे मी समजू शकतो. पण त्यांनी चारही सुया एकाच ट्रेमध्ये टाकल्या. नोझलच्या ज्या बॉडीची जी सुई, ती तिच्यातच बसवायची असते, कारण ती जोडी कारखान्यातच घासून जुळवलेली असते. गाडी पहिल्यापेक्षा जास्त धूर सोडू लागली. भैयाजींचे निदान झाले की पंप गेला, नवा बसवा.

मयुरीने नोझल पुन्हा खोलले. गाळलेल्या डिझेलमध्ये एकेक भाग धुतला आणि कशानेही पुसला नाही. मग प्रत्येक सुई प्रत्येक बॉडीत घालून, थोडी वर ओढून सोडून पाहिली. जी आपल्या वजनाने हळूच खाली उतरली, ती तिथली. सगळी दुपार त्यात गेली. टेस्टरवर चारही नोझल सारखे फवारले आणि अण्णाजी त्याच गाडीने केळझरच्या गणपतीला जाऊन आले. हे मला अण्णाजींनी सांगितले. मयुरी एवढेच म्हणाली, "मामाजी, पंपाले काई झालं नव्हतं." त्यानंतर भैयाजींनी दुकान सोडले. मी घालवलेले नाही.

४. वकिलांच्या मसुद्यात कलम तीनच्या शेवटी शब्द होते, 'मयुरी पुनर्विवाह करीपर्यंत'. ते भैयाजींनी सुचवलेले. त्यांचे म्हणणे असे, "दादा, उद्या तिनं दुसरं लग्न केलं तं दुकान परक्याच्या हाती जाईन. स्वप्निलच्या नावानं करा, तिले पोटापुरतं द्या." खरे लिहितो, मलाही ते शब्द वाचून बरे वाटले. पियुषची बायको दुसऱ्या कोणाची होणार, हे मला सोसत नाही. आजही सोसत नाही.

सुलोचनाबाईने मसुदा ऐकला आणि हातातली सुपारी खाली ठेवली. म्हणाली, "अजी, पोरगं आपलं गेलं. तिनं काऊन जन्मभर त्याची राखण करावं? दुकानाची भीती घालून तिले बांधून ठेवता काय?"

ते शब्द मी माझ्या हाताने खोडले आहेत व खोडल्या जागी सही केली आहे. मयुरीने लग्न केले तरी दुकान तिचे, न केले तरी तिचे. तिचे लग्न ठरले तेव्हा मी हयात असलो तर कन्यादान मी करीन. नसलो तर ते भैयाजींनी करावे. माझ्या मागे या घरात वडीलधारे तेच आहेत, आणि पोरीला मांडवात एकटे उभे करू नये.

सदर मृत्युपत्र दोन्ही साक्षीदारांनी वाचले, त्यांच्यासमोर मी सही केली व माझ्यासमोर त्यांनी केली.

ठिकाण : सिंदी (रेल्वे)
दिनांक : ९ फेब्रुवारी २००३

(सही) महादेवराव गणपतराव बेलखोडे

साक्षीदार :
१. (सही) अण्णाजी तुकाराम वैरागडे, जिनिंग, सिंदी (रेल्वे)
२. (सही) भैयाजी गणपतराव बेलखोडे. कलम चार दोनदा वाचले. कन्यादान कबूल.