शालूचं कपाळ

१८ नोव्हेंबर १९७३

शालू आज मिरजेच्या मिशन दवाखान्यातून परत आली. महिनाभर पडून होती — तिसरंही पोटातच गेलं. अंगात रक्त नाही, पण चेहऱ्यावर हसू! आईनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि मग सुनेच्या तोंडाकडं नीट बघितलं. कपाळावर कुंकू नाही.

"आगं, लावायचं इसरलीस का काय?"

"न्हाई आत्याबाई, इसरली न्हाई. तिथं माझा बाप्तिस्मा झाला. मी आता येशूची हाय."

माझा धाकटा भाऊ तिकडं फौजेत, बर्फात उभा, आणि इकडं त्याच्या बायकोनं कपाळ पुसून ठेवलं. मानसिंग जिवंत आहे गं, भवाने!

१९ नोव्हेंबर

माझं कुंकू पुसलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. दोघींनी हात धरले, तिसरीनं ओल्या फडक्यानं कपाळ घासलं. मी नको नको म्हणत होते. आणि ही? स्वतःच्या हातानं! ज्याच्यासाठी मी जीव टाकला असता ते हिनं साबण लावून धुऊन टाकलं. माज आहे, दुसरं काही नाही.

३ डिसेंबर

शाळा सुटून घरी आले तर बाईसाहेब धुणं वाळत घालता घालता गुणगुणताहेत. म्हटलं, "कशाचा एवढा आनंद गं?"

"वन्सं, मी नव्यानं जन्मले."

"एकदा जन्मलीस तेवढंच आम्हाला पुरे झालंय."

तर हसली! पूर्वी एवढ्या बोलण्यावर दोन दिवस जेवली नसती. आता हिला टोचायचीही सोय राहिली नाही.

९ डिसेंबर

दर रविवारी सकाळच्या एस.टी.नं मिरजेला जाते, प्रार्थनेला. आड येणाऱ्या आईच्या पाया पडते आणि तरी जातेच. आज विहिरीवर चंद्राबाईनं सगळ्यांदेखत विचारलं, "हरणाबाई, तुमच्या भावजयीला मिरजंत काय खायाला घातलं म्हणं?" बायका तोंडाला पदर लावून फिदीफिदी हसल्या. मी मास्तरीण — यांची पोरं माझ्या वर्गात बसतात. मान खाली घालून घागर उचलली.

११ डिसेंबर

शेवटी विचारलंच तिला. कुणी फितवलं? काय कबूल केलं तुला — पोर?

म्हणाली, "न्हाई वन्सं, कायबी न्हाई. तिसरं गेलं तवा मला मराय झालतं. भितीकडं तोंड करून पडायची. एक म्हातारी नर्सबाई यायची. कुठलं पाप भोवलं, असं एकदाबी इचारलं न्हाई तिनं. जटा झालत्या, त्या सोडवून रोज येणी घालायची. एकदा म्हणली, पोटी लेकरू न्हाई म्हणून तू रिकामी न्हाईस, देवानं तुला नावानं हाक मारलीया. वन्सं, ह्या घरात मला नावानं कोण हाक मारतं?"

वेणी घातली म्हणून देव बदलायचा? जोतिबाला नवस केले, दर्ग्यावर चादर चढवली, ते सगळं फुकट? ऐकून घेतलं हेच माझं चुकलं.

१४ जानेवारी १९७४

संक्रांत. घरात हळदीकुंकू. बायका सोप्यात, मी दरवर्षीसारखी आत, तिळगूळ ताटात भरत. शालू सवाष्ण, तिची जागा बाहेर. तर ही आत येऊन माझ्या शेजारी मांडी घालून बसली.

"जा की बाहेर."

"तुमी हितं, तर मीबी हितं."

मला कुणाची कीव नको! ताट ढकललं तिच्याकडं, तीळ सांडले. ती गोळा करत बसली. इतक्या वर्षांत संक्रांतीला माझ्याजवळ कुणी बसलं नव्हतं. बसली तर ही बाटगी!

१५ जानेवारी

मानसिंगला पत्र टाकलं. सगळं कळवलं. ये आणि हिचा सोक्षमोक्ष लाव.

१० फेब्रुवारी

मानसिंग रजेवर आला. मला वाटलं होतं आल्या आल्या तिला फोडून काढील. त्यानं कुंकवाची डबी तिच्यापुढं धरली आणि म्हणाला, "लाव की गं. माज्यासाठी तरी."

"तुमच्यासाठी रोज मागणं मागते मी, सकाळ-संध्याकाळ. पर ह्ये न्हाई जमायचं."

तो गोठ्यात जाऊन रडला. एवढा फौजी गडी! याचाही हिशेब तिच्याच नावावर.

१२ फेब्रुवारी

आज भावकी सोप्यात बसली. भावकीतले थोरले दादासोकाका म्हणाले, "मानसिंग, आता तूच बोल गड्या. घर तुजं हाय."

मानसिंग उभा राहिला. शालूकडं न बघता म्हणाला, "मोकळ्या कपाळाची बाई माज्या घरात नको."

आई म्हणाली, "व्हय. अपशकुनच त्यो." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा. जिंकले होते मी!

एकट्या शालूनं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भरल्या सोप्यात मी मोकळ्या कपाळानं समोर बसले होते आणि कुणाच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. भावाच्या नाही. जन्म दिलेल्या आईच्याही नाही. माझ्याच तोंडचं वाक्य होतं ते. पत्रात मीच तसं लिहिलं होतं, शब्दाला शब्द.

शालू म्हणाली, "वन्सं, भाकरी झाकून ठेवल्यात, जेवून घ्या." आणि पिशवी भरायला आत गेली.

१३ फेब्रुवारी

मिरजेच्या एस.टी.त लिहितेय, अक्षर हलतंय. शालूच्या शेजारी बसलेय. देवाबिवाचं एक अक्षर काढलंस तर आहे तिथं उतरेन, असं तिला बजावलंय. कवठे महांकाळच्या स्टँडवर गाडी बराच वेळ उभी होती. मी उतरले नाही.