हातात दिलेला पाव

लायडन, ९ मार्च १६२६

प्रिय टेउनिसदादा,

नमस्कार. अँटवर्पहून तुझं पत्र कापडवाल्याच्या होडीतून पोचलं. इकडे सगळं ठीक. तुझ्या भावजयीचा, ग्रीतचा खोकला उतरला, कालव्यावरचा बर्फ वितळला. तुझा उरलेला डोळाही मंद होत चाललाय, आता तुमच्या पंथावरची बंदीही पूर्वीसारखी कडक नाही, तर आमच्याकडे येऊन राहू का, असं विचारलंस. उत्तर लिहायला तीनदा बसलो.

आधी एक गंमत सांगतो. आमच्या गल्लीत हुबर्ट म्हणून विशीतला चित्रकार आहे. बायबलमधल्या स्तेफनाला लोक दगडांनी ठार मारतात, ते चित्र त्यानं केलं. त्याचं पहिलंच मोठं काम. मला आधी स्तेफन म्हणून गुडघ्यांवर बसवलं. थोड्या वेळानं म्हणाला, "वाउटरकाका, तुम्हाला मार खाणं काही जमत नाही बघा. उठा, मारणाऱ्यांत या." दगड म्हणून शिळा पाव हातात दिला. मी हात उगारला. "हे कुठं शिकलात?" म्हणाला. मी हसलो.

चित्र झाल्यावर ग्रीतला दाखवायला नेलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बाकीचे चिडलेत. तुम्हाला मात्र बरं वाटतंय."

दादा, तुम्ही लोक बंदी मोडून गावाबाहेरच्या कोठारात प्रार्थनेला जमलात, त्या रविवारी मी तुला सांगितलं तसा आजारी नव्हतो. बाहेरच्या घोळक्यात होतो. सकाळपासून शेजारी मला 'पाखंड्याचा भाऊ' म्हणून डिवचत होते. तू दारात आलास, शांत राहा म्हणालास. मी नेम धरला. तुझ्यावर नव्हता धरला, असं लिहिणार होतो, पण तेही खोटंच. लोकांनी माझी पाठ थोपटली.

सात वर्षं तू प्रत्येक पत्रात लिहितोस, ज्यानं माझ्या डोळ्यावर दगड मारला त्याला देव क्षमा करो. आणि मी तुला ग्रीतच्या खोकल्याबद्दल कळवतो.

आता तुला वाचता येत नाही, म्हणजे हे तुझी माखतेल्डच वाचून दाखवत असणार.

माखतेल्ड, पोरी, बापाची दया येऊन मध्येच थांबू नकोस. 'काकानं या म्हटलंय' असं सांगू नकोस. तसं सांगितलंस तर तो येईल. मी हात धरून त्याला जिना चढवीन आणि काहीच ठाऊक नसलेला तो मला आशीर्वाद देईल.

येऊ नका.

वाउटर